मुलूखगिरीपासून मुलकी कारभारापर्यंत : बडोदे राज्याचे एक समालोचन

आमच्या शाळेच्या सामानाच्या खोलीत जुन्या मुंबई इलाख्याचा एक कापडी नकाशा अद्याप जपून ठेवलेला आहे. इतिहासाच्या तासाला तो भिंतीवर टांगला की विद्यार्थ्यांचे लक्ष हटकून गुजराथेकडे जाते. तेथे बडोदे राज्याचा पिवळा रंग एका ठिकाणी नाही. उत्तरेस साबरमतीच्या पलीकडे एक मोठा पट्टा, मध्यावर बडोद्याभोवती दुसरा, दक्षिणेस तापीच्या आसपास तिसरा आणि काठेवाडात विखुरलेले लहानमोठे ठिपके. त्यांतील शेवटचा ठिपका थेट द्वारकेच्या समुद्रावर. "सर, हे राज्य असे फाटले कसे?" असा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतोच. त्याला मी सांगतो की ते फाटले नव्हते. ते मुळात शिवलेच तसे गेले होते. हे उत्तर मुलांपुरते पुरते. परंतु ज्या मराठी कुटुंबांचे पूर्वज या राज्याच्या चाकरीसाठी गुजराथेत गेले आणि जी तेथेच राहिली, त्यांच्यासाठी त्या उत्तराच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. आपण तेथे छावणी टाकून बसलो होतो, की घर बांधून राहिलो होतो? प्रस्तुत लेखात बडोदे राज्याचा इतिहास, लोक आणि अर्थव्यवहार यांचे जे समालोचन करावयाचे आहे, ते या प्रश्नास धरूनच करण्याचा विचार आहे.

१. भूमी आणि लोक

राज्याचे क्षेत्रफळ आठ हजार चौरस मैलांहून थोडे अधिक होते. त्याचे चार प्रांत. उत्तरेचा कडी प्रांत, ज्याचे ठाणे पुढे मेहसाण्यास हलविण्यात आले, मध्य भागी बडोदे, दक्षिणेस नवसारी, आणि काठेवाडात अमरेली, ज्याला ओखामंडळ जोडलेले असे. या चार प्रांतांच्या मध्ये ब्रिटिश जिल्हे आणि इतर संस्थाने यांचे मुलूख घुसलेले होते. राजधानीहून अमरेलीस जाणाऱ्या अंमलदाराला वाटेत कितीतरी परक्या सरहद्दी ओलांडाव्या लागत.

या चार प्रांतांतील जमीन सारखी नव्हती आणि माणसेही सारखी नव्हती. कडी प्रांताची जमीन रेताड, ज्याला तेथे गोराट म्हणतात. विहिरीच्या पाण्यावर कडवा पाटीदारांनी ती कष्टाने पिकविली. पाटण, सिद्धपूर, वडनगर ही सोळंकी राजांच्या वैभवाची जुनी नगरे याच प्रांतातील. पाटणची पटोळी आणि मोढेऱ्याचे सूर्यमंदिर त्या काळाची साक्ष अजून देतात. बडोदे प्रांतात दोन प्रकारची भूमी आहे. नर्मदेकडील कानम प्रदेशाची काळी कापसाची जमीन आणि पेटलाद-भादरणच्या बाजूची चरोतराची सुपीक माती. चरोतरात लेवा पाटीदार तंबाखू पिकवीत आणि गावचा सारा भाऊबंदांनी वाटून भरण्याची नर्वा नावाची त्यांची जुनी पद्धती होती. नवसारी प्रांताचा पश्चिम भाग म्हणजे आंबराया, ऊस आणि खाड्यांचा बागाईत मुलूख. पारशी समाजाचे हे जुने केंद्र. जमशेटजी टाटा यांचा जन्म १८३९ साली नवसारीचाच. त्याच प्रांताचा पूर्व भाग, सोनगड-व्यारा वगैरे, डोंगराळ व रानाचा. तेथे चौधरी, गामीत, धोडिया या आदिवासींची वस्ती. काठेवाडात पाऊस बेभरवशाचा, आणि ओखामंडळात तर वाघेरांसारखे लढवय्ये लोक, ज्यांनी अठराशे सत्तावनच्या सुमारास शस्त्र उचलून राज्य व इंग्रज या दोघांसही जेरीस आणले.

१९३१ च्या खानेसुमारीत राज्याची लोकसंख्या २४,४३,००७ भरली. तीत गुजराथी बोलणारांचे प्रमाण प्रचंड आणि मराठी बोलणारे अगदी थोडे. ते थोडेही मुख्यत्वे राजधानीत एकवटलेले. रावपुरा, दांडिया बाजार या भागांत दरकदार, फडणीस, शिलेदार, कारकून, पुजारी आणि शिक्षक यांची घरे होती. राज्यकर्ते एका भाषेचे आणि प्रजा दुसऱ्या भाषेची, ही या राज्याची पहिली वस्तुस्थिती होय. ती विसरून लिहिलेला बडोद्याचा इतिहास हा दरबाराचा इतिहास होतो, राज्याचा होत नाही.

२. मुलूखगिरीचे राज्य

गायकवाडांचा उदय सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या हाताखाली झाला. १७२० साली बाळापूरच्या लढाईत दमाजी गायकवाडाने पराक्रम केला आणि त्यास शाहू महाराजांकडून 'समशेर बहादूर' हा किताब मिळाला. त्याच्यामागून पुतण्या पिलाजी पुढे आला. त्याने दक्षिण गुजराथच्या रानात सोनगडचा किल्ला हाती घेतला आणि तेथून सुरत-बडोद्याकडील मुलुखावर चौथाई बसविली. १७३१ साली डभईजवळ बाजीराव पेशव्यांशी झालेल्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. पुढल्याच वर्षी मोगलांचा सुभेदार जोधपूरचा अभयसिंग याच्या माणसांनी डाकोर येथे पिलाजीचा दग्याने खून केला. परंतु १७३४ साली पिलाजीचा भाऊ महादजी याने बडोदे पुन्हा घेतले. त्यानंतर १९४९ पर्यंत ते शहर गायकवाडांच्या हातून गेले नाही.

पिलाजीचा मुलगा दुसरा दमाजी हा राज्याचा खरा संस्थापक. १७५१ साली ताराबाईंच्या पक्षाने तो पेशव्यांवर चालून गेला, पकडला गेला आणि गुजराथचा अर्धा हिस्सा पेशव्यांस देण्याचे कबूल करून सुटला. १७५३ साली अहमदाबाद घेण्यात तो रघुनाथरावांबरोबर होता. पानिपतावरून तो जिवंत परतला. उत्तर गुजराथ जिंकून त्याने पाटणास ठाणे केले आणि १७६८ साली तो वारला. नकाशावरचे ते तुकडे याच काळाचे. पेशवे आणि गायकवाड यांनी महाल वाटून घेतले तेव्हा एक महाल एकास, शेजारचा दुसऱ्यास, अशी वाटणी झाली. पुढे पेशव्यांचे महाल इंग्रजांकडे गेले आणि गायकवाडांचे मागे राहिले.

या काळात राज्य म्हणजे काय होते? काठेवाड व महीकांठा येथे गायकवाडांचा अंमल नव्हता, हक्क होता. सुगीच्या सुमारास फौज निघे. ठाकूर व गिरासिये यांच्या गढीपुढे जाऊन खंडणी मागे आणि ती मिळेपर्यंत उभ्या पिकात घोडी चारी. यासच मुलूखगिरी म्हणत. 'घासदाणा' हा शब्द तेथलाच. या व्यवहारात फौजेचा खर्च खंडणीतून निघे आणि खंडणी मिळविण्यासाठी फौज लागे. ज्याच्या शेतातून ती फौज जाई, त्या कुणब्यास या चक्रातून काहीही परत मिळत नसे. मराठ्यांच्या शौर्याचा अभिमान बाळगताना हे पान आपण सहसा उलटतो. ते उघडे ठेवले पाहिजे.

३. कर्ज, शिबंदी आणि इंग्रज

दमाजीच्या मृत्यूनंतर सयाजीराव, गोविंदराव, फत्तेसिंग व मानाजी या भावांत गादीचा तंटा लागला. पेशवे नजराणा घेऊन कधी एकाचा पक्ष घेत, कधी दुसऱ्याचा. तो नजराणा सावकारांकडून उचलावा लागे. पगार तुंबला की अरब शिबंदी राजवाड्यास वेढा घाली. मग कोणीतरी वजनदार अरब जमादार वा सावकार जामीन राही, आणि त्यास बहांदरी म्हणत. अखेर अशी वेळ आली की बहांदरीवाचून दरबाराच्या शब्दावर कोणी विश्वासच ठेवीना. हरिभक्ती, सामळ बेचर, मैराळ यांच्या पेढ्या राज्याचा पोत सांभाळू लागल्या. महालांची वसुली इजाऱ्याने दिली जाई. इजारदार आगाऊ रक्कम भरी आणि मुदतीच्या आत रयतेकडून ती व्याजासुद्धा काढी. राज्याच्या उत्पन्नाची वाट अशी होती : कुणब्याच्या खळ्यातून इजारदाराकडे, त्याच्याकडून सावकाराच्या वहीत, आणि वहीतून शिबंदीच्या पदरात.

१८०० साली गादीवर आलेले आनंदराव दुर्बल होते. कारभार दिवाण रावजी आपाजी व त्यांचे बंधू बाबाजी यांच्या हाती होता. त्यांनी इंग्रजांची मदत मागितली. १८०२ साली तैनाती फौजेचा करार झाला, अरबांना इंग्रजी फौजेने बडोद्याबाहेर घालविले आणि त्यांच्या जागी बहांदरी इंग्रजांची झाली. ज्याच्या जामिनावर राज्य चालते, तोच राज्याचा धनी होतो हे निराळे सांगण्याचे कारण नाही. १८०७ साली रेसिडेंट वॉकर याने काठेवाडातील खंडणीचे आकडे कायम ठरवून दिले. ठाकुरांच्या दृष्टीने तो उपकार होता, कारण दर साली येणारी फौज थांबली. १८२० साली ती खंडणी गोळा करण्याचे कामही इंग्रजांनी आपल्याकडे घेतले आणि गायकवाडांस ती रक्कम घरबसल्या मिळू लागली. मुलूखगिरी तेथे संपली.

अहमदाबादच्या इजाऱ्याचा व पेशव्यांच्या येण्याचा हिशेब मिटविण्यासाठी इंग्रजांच्या हमीवर पुण्यास गेलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ च्या जुलैत पंढरपूर येथे खून झाला. त्याचे परिणाम पेशवाईस किती भोवले हे मराठी वाचकांस ठाऊकच आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, त्या भीषण प्रसंगाच्या मुळाशी महसुलाचा एक न मिटलेला हिशेब होता.

४. संधिकाल

यानंतरची साठ वर्षे राज्याला बाहेरून शत्रू नव्हता आणि आतून व्यवस्था नव्हती. खंडेराव महाराजांनी (१८५६–१८७०) जमिनीच्या मोजणीस आरंभ केला आणि भागबटाईऐवजी रोख सारा घेण्याकडे पाऊल टाकले. १८६२ च्या सुमारास डभई ते मियागाव असा वीस मैलांचा अरुंद रुळांचा लोहमार्ग त्यांनीच टाकला. हिंदुस्थानातील त्या जातीचा तो पहिला. रूळ हलके असल्यामुळे आरंभी त्यावरच्या गाड्या बैल ओढीत आणि १८७३ पासून तेथे वाफेचे इंजिन नियमाने धावू लागले. बैलांनी ओढलेली आगगाडी ही त्या काळच्या बडोद्याची यथार्थ प्रतिमा वाटते. साधन नवे होते, परंतु ते चालविणारे बळ अद्याप जुनेच होते.

त्यांचे बंधू मल्हारराव (१८७०–१८७५) यांच्या कारकिर्दीत खजिना हिऱ्यामोत्यांवर व सोन्याच्या तोफांवर रिता होऊ लागला आणि रयतेची गाऱ्हाणी वाढली. दादाभाई नौरोजी थोडा काळ दिवाण होऊन आले, पण त्यांना टिकू दिले गेले नाही. रेसिडेंट कर्नल फेअर यास विष घालण्याचा प्रयत्न झाल्याच्या आरोपावरून महाराजांची चौकशी झाली. मंडळातील तिघा इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत मानला, तिघा हिंदी सभासदांनी मानला नाही. तेव्हा सरकारने गैरकारभाराच्या कारणावरून १८७५ साली त्यांना पदच्युत केले. परक्या सत्तेने गादीवरून राजा उतरवावा याचा संताप हिंदुस्थानभर झाला आणि तो रास्त होता. तथापि त्या गैरकारभाराची झळ ज्या कुणब्यास लागली, त्यास त्या संतापात सामील होण्याचे कारण किती होते, हाही प्रश्न इतिहासकाराने विचारला पाहिजे.

५. मुलकी राज्याची उभारणी

खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाड घराण्यातील बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. शेतकऱ्याच्या घरातला तो मुलगा अद्याप अक्षरओळखीपलीकडे फारसा गेलेला नव्हता. तेच पुढे तिसरे सयाजीराव महाराज. ते वयात येईपर्यंत त्रावणकोर व इंदूर येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांनी कारभार पाहिला. त्यांनी इजारे मोडले, सावकारांची पोतदारी काढून सरकारी खजिने स्थापिले, सुभे व वहिवाटदार नेमून प्रांत व महाल यांची घडी बसविली. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांनी राज्यसूत्रे हाती घेतली.

पुढील सत्तावन्न वर्षांच्या कारभाराचे वर्णन अनेकांनी केले आहे. येथे त्यातील एकच धागा धरावयाचा आहे, तो म्हणजे राज्य आणि रयत यांच्यामधील देवघेवीचा. महाराजांचे एकेकाळचे शिक्षक एलियट यांच्या देखरेखीखाली जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी व आकारणी झाली. प्रत्येक खातेदारास आपला सारा किती हे कळू लागले. जातींवर व धंद्यांवर बसविलेले नाना प्रकारचे वेरे हळूहळू काढून त्यांच्या जागी प्राप्तीवरील कर आला. बाबाशाही नाणे बंद होऊन सर्वत्र चालणारे नाणे सुरू झाले, त्यामुळे हुंडणावळीत होणारी रयतेची लूट थांबली. १८९२ साली आजव्याच्या सरोवराचे पाणी नळाने राजधानीत आले. न्यायखाते मुलकी खात्यापासून अलग झाले. रमेशचंद्र दत्त यांच्यासारखा जमीनमहसुलाचा मर्मज्ञ १९०४ साली महसूलमंत्री म्हणून आला आणि पुढे दिवाणही झाला.

इतके असूनही निसर्गापुढे या घडीचे काय झाले, ते नमूद केलेच पाहिजे. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा, 'छप्पनियो' दुष्काळ गुजराथ अजून विसरलेली नाही. १८९१ साली राज्यात २४,१५,३९६ माणसे होती. १९०१ साली १९,५२,६९२ उरली. जवळजवळ पंचमांश प्रजा नाहीशी झाली. दुष्काळी कामे, तगाई, साऱ्याची सूट हे सर्व राज्याने केले. तरी कडी आणि अमरेलीच्या कोरड्या भागांत गुरे मेली आणि मागोमाग माणसे मेली. ही संख्या भरून निघण्यास १९३१ साल उजाडावे लागले. चांगल्या राज्याचे मोजमाप करताना हा आकडा बाजूस ठेवता येत नाही. त्यानंतर विहिरी, तळी, आडमार्गी आगगाड्या व सहकारी पतपेढ्या यांवर जो भर दिला गेला, तो या आकड्याच्या सावलीत दिला गेला.

६. शाळा आणि ग्रंथालय

१८९३ साली अमरेली महालातील काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सबंध राज्यास लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयाची मर्यादा होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९११ साली मांडले आणि ते १९१२ मध्ये फेटाळले गेले, हे स्मरले म्हणजे या निर्णयाचे महत्त्व ध्यानी येते. शिक्षकाच्या पेशातील माणसास यात आणखी एक गोष्ट दिसते. या शाळांतून शिकविले गेले ते मुख्यतः गुजराथीतून. मराठी राजाने मराठी भाषेची सक्ती केली नाही. रयतेच्या मुलास रयतेच्या भाषेत अक्षर दिले.

शिकलेले मूल पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होते, हे ओळखून महाराजांनी १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल बॉर्डेन यास आणविले. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि गावोगाव वाचनालये निघाली. त्यांची तजवीज मोठी शहाणपणाची होती. एक हिस्सा गावाने जमवावा, तेवढाच प्रांताच्या पंचायतीने घालावा आणि तेवढाच राज्याने द्यावा. जेथे तेवढेही नसे, तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पोचत. शंभर वर्षांपूर्वी ज्या वाटेने मुलूखगिरीची फौज खंडणीसाठी जाई, त्या वाटेने आता बैलगाडीतून पुस्तकांची पेटी जाऊ लागली. माझ्या मते बडोद्याच्या इतिहासाचे सार या एका बदलात आहे.

परंतु कायदा पुढे गेला म्हणून समाज गेला असे होत नाही. १८८३ च्या सुमारास अस्पृश्यांसाठी शाळा निघाल्या तेव्हा त्यांत शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. मुसलमान व पुढे आर्यसमाजी शिक्षकांनी ते काम केले. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि १९१७ साली करारानुसार चाकरीस परत आले तेव्हा त्याच राजधानीत त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते तेथूनही त्यांना घालवून देण्यात आले आणि काही दिवसांतच ते मुंबईस निघून गेले. शिष्यवृत्ती देणारे राज्य एक होते आणि दार बंद करणारे शहर दुसरे होते. त्या कचेऱ्यांत आणि त्या शहरात आपले मराठी लोकही होते. बालविवाहास प्रतिबंध करणारा १९०४ चा कायदा आणि हिंदू स्त्रीस घटस्फोटाचा हक्क देणारा १९३१ चा कायदा यांचे गुणगान करताना, या शहराच्या पदरी असलेले हे देणेही वहीत लिहून ठेवावे.

७. उद्योग, पेढी आणि बंदर

१८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन निघाले. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या, शिल्प व चित्र या विषयांचे तेथे देशी भाषेतून शिक्षण मिळे. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके याच संस्थेचे विद्यार्थी. १९०७ साली निघालेल्या अलेंबिक या रासायनिक कारखान्याच्या उभारणीत गज्जर आणि त्यांचे दोन शिष्य, एक कोटिभास्कर आणि दुसरे अमीन, एकत्र आले. एक मराठी, एक गुजराथी. राज्याच्या प्रारंभी या दोन समाजांत सारा घेणारा आणि सारा देणारा हेच नाते होते. येथे ते भागीदारीचे झाले. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बरोडा स्थापन झाली. ज्या राज्याचा पोत एकेकाळी खाजगी पेढ्यांच्या ताब्यात होता, त्याच राज्यातून निघालेली ही पेढी १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदा बँकांत गणली गेली.

डभई हे अरुंद रुळांच्या जाळ्याचे केंद्र बनले आणि कानमचा कापूस व लाकूड त्यावरून वाहू लागले. १९२६ साली ओखा बंदर खुले झाले. ज्या किनाऱ्यावर वाघेरांशी लढाया झाल्या, त्याच ओखामंडळात मिठापूर येथे मिठाच्या आधारे टाटांचा रसायनांचा कारखाना १९३९ साली स्थापन झाला. तरीही राज्याचा मुख्य आधार शेवटपर्यंत जमीनमहसूलच राहिला. या शाळा, ग्रंथालये व राजवाडे यांचा मोठा भार पाटीदार, कोळी, गामीत आणि खेडूत मुसलमान यांच्या घामावर होता. दाता म्हणून आपण एका राजाचे नाव घेतो. देणारे हात लक्षावधी होते.

८. मराठी भाषा आणि तिचा संसार

मराठीचे या राज्यात काय झाले? हुजूरचे जुने दफ्तर मोडीत लिहिलेले होते आणि त्यातील निवडक कागद १९३४ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. १८८९ साली महाराजांच्या चाकरीस आलेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनी बडोद्यात असतानाच 'मराठी रियासत' लिहिण्यास हात घातला. कवी चंद्रशेखर आणि त्यांच्यामागून कवी यशवंत येथे राजकवी झाले. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या नगरीत भरली, आणि दीर्घ काळाने २०१८ साली पुन्हा एक भरले. श्रीसयाजी साहित्यमालेत गुजराथी आणि मराठी पुस्तके शेजारी शेजारी निघाली.

या सर्वांपेक्षा मला एक ग्रंथ अधिक बोलका वाटतो. १९३१ साली प्रसिद्ध झालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश. इंग्रजी शब्दास गुजराथी, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात दिलेले आहेत. रयतेस कळेल अशा भाषेत हुकूम निघावा, ही त्यामागील दृष्टी. यात मराठी आहे, परंतु मालकीण म्हणून नव्हे; पंक्तीतील एक पाहुणी म्हणून आहे. सत्ताधाऱ्याच्या भाषेने स्वतःहून आपले पान इतरांच्या ओळीत मांडावे, अशी उदाहरणे इतिहासात थोडी.

९. उपसंहार

६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव महाराज निवर्तले. १९४८ साली जबाबदार राज्यपद्धती आली आणि डॉ. जीवराज मेहता मुख्य मंत्री झाले. हे मेहता मूळ अमरेलीचे, म्हणजे नकाशावरील त्या काठेवाडी ठिपक्यातले. १ मे १९४९ रोजी राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या आदल्या दिवशी महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय अस्तित्वात आले, जणू जाणाऱ्याने शेवटचे देणे फेडले. १ मे १९६० रोजी गुजराथ राज्य निर्माण झाले आणि त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच जीवराज मेहता झाले. नकाशावरील तुकडे आज मेहसाणा, पाटण, वडोदरा, आणंद, नवसारी, तापी, अमरेली, द्वारका अशा जिल्ह्यांत मिसळून गेले आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आपण तेथे छावणी टाकून होतो की घर बांधून? माझे उत्तर असे की, पहिली ऐंशी-नव्वद वर्षे ती छावणी होती. तिचे घर झाले ते तलवारीमुळे नव्हे आणि दरबारामुळेही नव्हे. मोजणीचा साखळदंड, गावची शाळा आणि पुस्तकांची पेटी यांच्यामुळे झाले. म्हणूनच दरबार गेला तरी माणसे राहिली. ज्यांचा आधार केवळ गादी होता, ते विलीनीकरणानंतर निघून गेले. ज्यांनी शेजाऱ्याशी देवघेव जोडली होती, ते गुजराथी शेजाऱ्याच्या सुखदुःखात सामील होऊन तेथेच नांदत आहेत.

मात्र राजाश्रयाने वाढलेली भाषा राजाश्रय गेल्यावर कशी जगावी, हा प्रश्न बडोद्याचा तसा इंदूरचा, ग्वाल्हेरचा आणि हैदराबादचाही आहे. आमच्या शाळेत मराठी विषय घेणारी मुले दर वर्षी थोडी कमी होतात आणि मी पटावरील आकडा मनातल्या मनात मागील सालाशी ताडून पाहतो. त्या वेळी मला ग्रंथालयांची ती तीन हिश्शांची तजवीज आठवते. राज्याचा हिस्सा आता नाही. संस्थेचा हिस्सा असला तरी तोकडा आहे. उरतो तो पहिला हिस्सा, जो गावाने, म्हणजे घराने, भरावयाचा असे. महाराजांचा नियम असा होता की, तो हिस्सा आधी जमला तरच बाकीचे दोन मिळावयाचे. नव्या वर्षी पालक मुलांची नावे घालण्यास येतात तेव्हा हा नियम मी त्यांना सांगतो, आणि मग मराठीच्या वर्गाचा कागद त्यांच्यापुढे ठेवतो.